जायच्या दिशेला पाय

मी बाज आहे. जुनी, बाभळीच्या चार पायांची, अंबाडीच्या दोरीने विणलेली. बाजेला कोणी काही सांगत नाही. त्यामुळे चांगुणा गेल्याचंही मला कोणी सांगितलं नाही.

तीन दिवस आधी तिला माझ्यावरूनच उचलून नांदेडच्या दवाखान्यात नेलं होतं. मग एका सकाळी एक जीप दारात थांबली आणि तिचा नवरा साहेबराव एकटाच खाली उतरला. शेजारची केवळाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली.

"एकलाच आलास? चांगुणा कुठं हाय?"

"मागून येतीय," साहेबराव म्हणाला.

बाजाराला गेलेल्या माणसाबद्दल सांगावं, तसं तो म्हणाला. मग तो आत आला. माझ्यावरची गोधडी त्याने काढली, तिची नीट घडी घातली आणि मला उचलून भिंतीला उभं केलं. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की घरचे लोक जमिनीवर निजतात. बाजेवर कोणी बसत नाही. तेव्हा मला कळलं. केवळाबाईलाही तेव्हाच कळलं. तिने हातातलं पीठ तिथेच टाकलं आणि मोठ्याने रडायला लागली. साहेबराव रडला नाही. तो तिला म्हणाला, "केवळाबाई, पाणी तापवायला ठिव."

मित्रांनो, मला रडगाणं गायचं नाही. माझं आयुष्य फार चांगलं गेलं. ज्यांच्यामुळे ते चांगलं गेलं, त्यांचे उपकार मला सांगायचे आहेत. मात्र साहेबरावचं एक काम राहिलं आहे. श्रीमंत नावाच्या एका डायव्हरला जाऊन एक गोष्ट सांगायची आहे. ते काम कोणतं आणि ते त्याला का जड जातं, हे कळायला तुम्हाला माझ्या जन्मापासून ऐकावं लागेल.

मी एकोणीसशे एक्काहत्तर साली झाले. नांदेडहून लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर लोहा लागतं. लोह्याच्या पुढे अडीच कोसांवर एक फाटा आहे. तिथे रस्त्याला लागून साहेबरावच्या वाट्याचा अर्धा एकर खडक होता. त्याचं आणि चांगुणाचं लग्न नुकतंच झालेलं. त्या तुकड्यात दोन वर्षं ज्वारी पेरली, दोन्ही वर्षं बी सुद्धा परत आलं नाही. साहेबराव कपाळाला हात लावून बसला, तेव्हा चांगुणा म्हणाली, "हितं जवारी येत न्हाई ना? मग आपण हितं माणसं निजवू."

"माणसं काय बी हायती का पेरायला?"

"बघा तर खरं."

तिने रस्ता पाहिलेला होता. त्या काळी लॉरीच्या केबिनमध्ये झोपायला जागा नसे. इंजिन आतच असे आणि त्याचा पत्रा रात्रभर गरम राही. बसायची फळी हातभर रुंद. डायव्हर दमला की पोत्यांवर चढून झोपे, नाहीतर गाडीखाली गोणपाट टाकून. गाडीखाली विंचवाची भीती, पोत्यांवर थंडीची. नांदेडहून निघालेल्या माणसाला लातूरपर्यंत पाठ टेकायला जागा नव्हती.

साहेबरावने लोह्याच्या ग्यानोबा सुताराकडून मला करून घेतलं. ग्यानोबाने बाभळीचे चार पाय तासले, कडुनिंबाच्या चार लाकडांची चौकट बसवली आणि मला जमिनीवर ठेवून स्वतः माझ्यावर उडी मारली. मी कुरकुरले नाही. "ही तुमच्या नातवाला बी पुरती," तो म्हणाला. त्यावर चांगुणा लाजली आणि साहेबराव उगाच रस्त्याकडे बघायला लागला.

मला विणलं चांगुणाने. तिने ज्वारीच्या कडेने लावलेली अंबाडी कापून ओढ्यात भिजत घातली होती. ती कुजली की साल सुटते. ती साल धुऊन, वाळवून, मांडीवर वळून तिने दोरी केली. दोरी वळून वळून तिच्या मांडीची कातडी लाल झाली होती. चार दिवस ती मला विणत होती. माझ्यानंतर आणखी आठ बाजा झाल्या, पण मी पहिली. माझी जागा रस्त्याच्या सगळ्यात जवळ असे.

जेवणाऱ्याला बाज मिळे, तिचे वेगळे पैसे नसत. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, ठेचा आणि कांदा. जेवण झालं की डायव्हर बाजेवर पडे. चांगुणाने एक नियम केला होता. डायव्हर ज्या गावाला जाणार, त्या दिशेला बाजेचा पायथा करायचा. लातूरला जाणाऱ्याचे पाय लातूरकडे, नांदेडला जाणाऱ्याचे नांदेडकडे. याला कारण होतं. रस्त्याची कड अरुंद होती, म्हणून गाड्या शेताकडे तोंड करून आडव्या लावत. पहाटे उठलेला माणूस अर्धवट झोपेत गाडी मागे घेई आणि आलेल्या वाटेनेच परत जाऊ लागे. असं दोन-तीनदा झालं. तेव्हापासून चांगुणा सांगायची, "उठलं की पाय जिकडं, गाडी तिकडं. डोकं लावायचं काम न्हाई."

डायव्हर तिची थट्टा करत. एक म्हणे, "अक्का, आमाला डोकंच न्हाई म्हणती का?" ती म्हणे, "हाय की, पण पाटंच्या वक्ताला ते उशाला ठिवलेलं असतंय." सगळे हसत. उठायची वेळही तीच लक्षात ठेवी. नऊ माणसांच्या नऊ वेळा. तिला घड्याळ येत नव्हतं. ती चांदण्या आणि कोंबडा यांवर काम भागवायची आणि ती कधी चुकली नाही.

सगळेच माझ्यावर झोपले असं मात्र नाही. साहेबरावच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला होता. झोपडीत बाबासाहेबांची तसबीर होती. ती पाहून एखादा डायव्हर पाणी न पिताच गाडी सुरू करून निघून जाई. एकदा एका म्हाताऱ्या डायव्हरने उभ्यानेच विचारलं, "ही बाज कुणाची म्हणायची?" भाकरी थापता थापता चांगुणा म्हणाली, "लाकूड सुताराचं, अंबाडी रानातली. झोप तेवढी तुमची. ती आणली असंल तर निजा." म्हातारा जरा वेळ उभा राहिला. मग बसला, जेवला आणि झोपला. नंतर तो अनेक वर्षं येत राहिला. त्याचं नाव अण्णाराव. तो तेव्हा म्हातारा नव्हता म्हणा, पस्तिशीचाच होता. पण डायव्हर लोक धुळीने लवकर म्हातारे दिसत.

मग दुष्काळ आला.

बहात्तरच्या पावसाळ्यात पाऊस आलाच नाही. फाट्याजवळची विहीर दिवाळीआधी तळाला गेली. ओढा नुसता वाळूचा राहिला. अंबाडी भिजत घालायला पाणी नव्हतं, म्हणून नवी दोरी नव्हती, आणि तुटलेल्या बाजा तशाच राहिल्या. नऊपैकी पाच उरल्या. साहेबराव दिवसा सरकारी कामावर खडी फोडायला जाई. चांगुणा दोन कोसांवरून पाणी आणी. उन्हाळा जवळ आला तेव्हा तिला सातवा महिना होता, पहिलंच बाळंतपण.

त्या वर्षी मी माणसांचं चांगुलपण पाहिलं. एरवी डायव्हर आमच्याकडे पाणी प्यायचे. दुष्काळात ते आमच्यासाठी पाणी आणू लागले. नांदेडला गोदावरीवरून डबे भरून घ्यायचे आणि फाट्यावर आले की आमच्या रांजणात ओतायचे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी ठरवलं नव्हतं. अण्णारावने सुरू केलं आणि मग सगळेच आणू लागले. त्या पाण्यावर चांगुणाने लोकांच्या भाकरी थापल्या. त्या सगळ्या डायव्हरांची नावं मला माहीत नाहीत. पण त्या प्रत्येकाची पाठ मी ओळखते आणि प्रत्येकाची मी ऋणी आहे.

त्या दिवसांत नांदेड स्टेशनवरून मिलोच्या लॉऱ्या निघत. मिलो म्हणजे बाहेरच्या देशातून आलेली तांबडी ज्वारी. दुष्काळी कामांवरच्या मजुरांना ती वाटत. अशीच एक लॉरी घेऊन त्र्याहत्तरच्या उन्हाळ्याच्या तोंडाला एका संध्याकाळी श्रीमंत आला.

तो प्रथमच आमच्याकडे थांबत होता. तिशीचा, उंच, कपाळाला विभूती. शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या एका खेड्यातला शेतकरी. पीक गेलं म्हणून तो दुसऱ्याची लॉरी चालवू लागला होता. त्याचा सोबती तापाने फणफणून लोह्यालाच उतरला होता. तीन रात्री तो झोपलेला नव्हता. मिलो अहमदपूरच्या पुढच्या एका कामावर पोचवायची होती.

तो जेवला. चांगुणाने माझा पायथा लातूरकडे केला. ते पाहून श्रीमंत थबकला.

"अक्का, हे काय? लातूर दक्षिणेला हाय."

"मग?"

"दक्षिणेला पाय करून निजू नये. यमाची दिशा ती."

"हितून लातूरला रोज वीस-वीस गाड्या जात्यात. त्या काय यमाच्या घरी जात्यात?"

बाजूच्या बाजांवरचे डायव्हर हसले. श्रीमंतही हसला. "मपली आई ऐकंल तर जीव खाईल," तो म्हणाला.

"तुजी आई हितं न्हाई. नीज गप."

तो निजला. पण चांगुणा आत गेल्यावर तो हळूच उठला, त्याने मला दोन हातांनी उचललं आणि उलटं फिरवलं. आता माझा पायथा नांदेडकडे झाला. मला नियम माहीत होता. मला बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं. पण मी बाज आहे.

पहाटे चांगुणाने त्याला उठवलं. तिचं लक्ष बाजेच्या दिशेकडे गेलं नाही, कारण तिच्या पोटात तेव्हाच कळ येत होती. आदल्या दिवशी पाण्याचा हंडा घेऊन येताना ती ठेचकाळून पडली होती. तिने ते साहेबरावला सांगितलं नव्हतं. श्रीमंत उठला, त्याने चपला घातल्या, गाडी मागे घेतली आणि पाय जिकडे होते तिकडे निघून गेला. बाकीच्या चार गाड्या आधीच गेल्या होत्या.

त्यानंतर थोड्याच वेळात चांगुणा चुलीजवळ खाली बसली, ती उठलीच नाही. तिच्या पायांशी रक्त होतं. दिवस भरायला अजून महिना-दीड महिना होता. साहेबरावने केवळाबाईला हाक मारली. केवळाबाईने पाहिलं आणि म्हणाली, "हे मपल्या हातचं काम न्हाई. हिला नांदेडला न्ये."

न्यायचं कशात? बैल चाऱ्याअभावी गुरांच्या छावणीत होते. सकाळची एसटी यायला तीन तास होते. साहेबराव रस्त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला. एक गाडी लातूरकडून आली. त्याने हात जोडले, तरी ती त्याला वळसा घालून निघून गेली. मग रस्ता रिकामा झाला. रस्ता एवढा रिकामा मी कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात लोह्याकडून एक लॉरी आली. ती श्रीमंतची होती. लोह्याचं बसस्टँड दिसल्यावर त्याच्या ध्यानात आलं होतं की आपण उलटे आलो आहोत. तो स्वतःला शिव्या देत परत वळला होता. साहेबरावला पाहून त्याने गाडी थांबवली.

"काय इसरलं?" साहेबरावने विचारलं. त्या घाईतही त्याला तेवढंच सुचलं.

"रस्ता इसरलो," श्रीमंत म्हणाला. मग त्याला झोपडीच्या दारातली केवळाबाई दिसली आणि तो खाली उतरला.

त्याने एक क्षणही विचार केला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याच्या गाडीत दोनशे मजुरांचं धान्य होतं आणि ते त्याच सकाळी पोचायला हवं होतं. अहमदपूर एका दिशेला होतं आणि नांदेडचा दवाखाना दुसऱ्या. त्याने फक्त विचारलं, "केबिनमध्ये बसता ईल का तिला?" केवळाबाई म्हणाली, "बसती कशाची!" मग श्रीमंत म्हणाला, "तर बाजच वर घ्या."

मित्रांनो, माझं अख्खं आयुष्य लॉऱ्यांच्या शेजारी गेलं. पण लॉरीत मी एकदाच बसले. फाट्यावरच्या चार माणसांनी चांगुणासकट मला उचलून मिलोच्या पोत्यांवर ठेवलं. साहेबराव माझ्या बाजूला पोत्यांत पाय रुतवून बसला आणि त्याने मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. श्रीमंतने गाडी हाकली. रस्ता खड्ड्यांचा होता. पण तो इतक्या सांभाळून चालवत होता की चांगुणाच्या अंगाला धक्का बसला नाही. मधूनच तो खिडकीतून डोकं काढून ओरडे, "अक्का, बोलत ऱ्हा!" आणि ती एवढी वेदना होत असूनही म्हणाली, "रस्त्याकडं बघ, मेल्या! पुन्यांदा चुकशील."

दवाखान्याच्या दारात श्रीमंतनेच मला एका बाजूने उचललं. चांगुणाला आत नेलं. साहेबराव तिच्या मागे धावला. तो बाहेर आला तेव्हा दोन तास झाले होते. चांगुणा वाचली होती. मुलगी झाली होती, मुठीएवढी, पण रडत होती. हे सांगायला तो धावत बाहेर आला. व्हरांड्यात मी होते. श्रीमंत नव्हता, गाडीही नव्हती. त्याला अहमदपूर गाठायचं होतं.

त्याच्या लेखी चांगुणा अर्धमेलीच आत गेली होती. ती जगली की मेली, हे त्याला कळलं नाही. आणि साहेबरावला त्याचे आभार मानता आले नाहीत.

पुढे अण्णारावकडून कळलं की मिलो संध्याकाळी पोचली, कामावर बोंबाबोंब झाली आणि मालकाने श्रीमंतची गाडी काढून घेतली. तो पुन्हा त्या रस्त्यावर आला नाही. ते ऐकून चांगुणा जेवली नाही. तिने लेकीला पोटाशी धरलं आणि साहेबरावला म्हणाली, "त्याला सांगाया पाह्यजे. आपुन जगलो, हे त्याला कळाया पाह्यजे. न्हाईतर त्याची नौकरी फुकट गेली."

लेकीचं नाव पंचशीला ठेवलं. तेव्हापासून माझ्यावर निजणाऱ्या प्रत्येक डायव्हरला चांगुणा आधी भाकरी देई आणि मग विचारी, "श्रीमंत डायवर वळखतोस का? उंच हाय. विभूती लावतो. शिरूरकडचा." कोणी म्हणे, तो हैदराबादला गेला. कोणी म्हणे, त्याने गाडी सोडली. एका डायव्हरने तर विचारलं, "अक्का, त्याच्याकडं काय येनं हाय का तुमचं?" ती म्हणाली, "न्हाई रे बाबा. द्यायचं हाय."

मग पाऊस परतला, अंबाडी पुन्हा भिजली, बाजा चौदा झाल्या. ती वर्षं माझी सगळ्यात सुखाची. संध्याकाळी चौदा बाजांवर चौदा गावांची माणसं. कोणी तेलुगूत बोले, कोणी कानडीत, कोणी आमच्यासारखं. कोणाची बायको बाळंत झालेली, कोणाचा बैल मेलेला. माणूस पाठ टेकतो तेव्हा खरं बोलतो आणि ते आधी बाजेला ऐकू येतं.

ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला. त्या वर्षी रस्त्यावर गर्दी वाढली. नव्या कचेऱ्यांसाठी सिमेंट, लोखंड, टेबलं, कपाटं. सगळं आमच्यासमोरून गेलं. पंचशीला तेव्हा नऊ वर्षांची होती. चांगुणाने तिच्याकडून श्रीमंतला पत्र लिहून घेतलं होतं, पण गावाचं नाव नीट माहीत नव्हतं आणि पत्र परत आलं. साहेबराव म्हणाला, "आता तर जिल्हा बी बदलला. कुठं हुडकायचं?" चांगुणा म्हणाली, "जिल्हा बदलला म्हणून माणूस हरवत न्हाई."

एका बाजाराच्या दिवशी दोघं एसटीने शिरूर अनंतपाळला जाऊन आले. दिवसभर विचारत फिरले. एका पानटपरीवाल्याने सांगितलं की असा एक माणूस होता, पण शेत विकून बायकोपोरांसह कामाला बाहेर गेला. दोघं परत आले आणि माझ्यावर बसले. चांगुणाने पायांना तेल लावलं. "पुन्हा जाऊ," ती म्हणाली. साहेबराव म्हणाला, "हाव, जाऊ." पण जाणं झालं नाही.

हळूहळू आमचे दिवस सरले. नव्या लॉऱ्यांच्या केबिनमध्ये झोपायला फळी आली. पुढे मोठे ढाबे झाले, तिथे लोखंडी पाइपच्या खाटा आल्या, नायलॉनच्या पट्ट्यांच्या. आमच्या बाजा एकेक करून सरपणाला गेल्या. मी तेवढी घरात आले. पंचशीला शिकून मुखेडला शाळेत शिक्षिका झाली. ती दर सुट्टीत म्हणायची, "आई, ही बाज काढून टाक. मी तुला पलंग घेते." चांगुणा म्हणायची, "तू हिच्यावरून जगात आलीस. तिला काढू म्हणतीस?" चार-पाच वर्षांनी ती माझी दोरी उसवून नवी विणायची. शेवटची विणली तेव्हा तिची बोटं वाकडी झाली होती. साहेबराव दोरी ताणून धरायचा आणि ती विणायची. दोघं भांडतही. "वढा की जरा! जेवला न्हाईत का?"

मित्रांनो, बाजेला दुसरं काय हवं असतं?

चांगुणा गेल्यावर दीड महिन्याने अण्णाराव भेटायला आला. आता तो खरोखरच म्हातारा झाला आहे. काठी टेकत आला. साहेबरावने मला जमिनीवर ठेवलं आणि पाहुण्याला माझ्यावर बसवलं. पंचशीला आलेली होती, तिने चहा दिला. अण्णारावने चहा संपवला. मग म्हणाला, "साहेबराव, मपल्याकडून चूक झाली. श्रीमंत सापडला व्हता."

साहेबरावच्या हातातली बशी थांबली.

"मागल्या साली अनंतपाळच्या जत्रंत भेटला. परत आलाय. लेकाकडं ऱ्हातो, गावातच. डोळ्यानं कमी दिसतंय. मी वळख दिली, तर पयलं काय इचारलं म्हाईत हाय? म्हणला, ती फाट्यावरची अक्का जगली का?"

पंचशीला जवळ येऊन बसली.

"मी म्हणलं, जगली म्हंजे? पोर मास्तरीण झाली तिची. बाई अजून बाज इणते. तर साहेबराव, तो माणूस चारचौघांत रडला. म्हणला, पन्नास वर्षं मला वाटून ऱ्हायलं व्हतं, मी गाडी हळू चालिवली म्हणून ती गेली. मी हळू चालिवली, का जोरात चालवाया पाह्यजे व्हती, ह्योच इचार. आता बरं वाटलं, म्हणला. अक्काला सांग, एकदा यिऊन तुज्या हातची भाकर खातो." अण्णारावने डोळे पुसले. "मी तुमाला सांगाया यितो यितो म्हणलं, आन् गुडघ्यानं राहिलं. सा म्हैने आधी आलो असतो तर तिनं ऐकलं असतं."

साहेबराव त्याच्यावर रागावला नाही. तो म्हणाला, "तू सांगितलंस ना त्याला, ती जगली म्हणून? बास. तेवढं लई झालं."

अण्णाराव गेल्यावर पंचशीलाने विचारलं, "बाबा, अण्णाराव काकांनी नंबर दिलाय. फोन लावू का?"

"नको. फोनवर कसले आभार? तोंडानं सांगाया पाह्यजे."

दोन दिवसांनी त्याने धुतलेलं धोतर नेसलं, पिशवीत भाकरी बांधली आणि तो फाट्यावर जाऊन उभा राहिला. एसटी आली. ती थांबली, कंडक्टरने घंटी वाजवली, ती गेली. साहेबराव पिशवी घेऊन परत आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं. तेव्हा पंचशीला मुखेडहून आलेली होती. तिने बापाला माझ्यावर बसवलं आणि शेजारी बसून विचारलं, "कामून न्हाई गेलात?"

साहेबरावने माझ्या दोरीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "गेलो तर तो इचारंल, अक्का कशी हाय."

"मग सांगायचं."

"हितं सगळ्यांला म्हाईत हाय ती गेली. तुला, मला, केवळाबाईला. शिरूरला एका माणसाला वाटतंय, ती भाकरी थापून ऱ्हायली. तेवढ्या एका ठिकाणी ती हाय. मी गेलो का तिथून बी जाईल."

पंचशीलाने बापाचा हात हातात घेतला. दोघांचं वजन माझ्यावर होतं आणि ते मला जड नव्हतं.

मित्रांनो, तुम्ही मला विचाराल की मी काय शिकले. मी लाकूड आणि दोरी आहे, मला फार येत नाही. पण माझ्यावर हजारो माणसं निजली आणि त्यातल्या एकानेही मला काही वाईट दिलं नाही. पाणी आणणाऱ्यांनी पाणी आणलं. ज्याने दिशा चुकवली त्याने एक बाई आणि एक पोर जगवलं, आणि पन्नास वर्षं चांगुणाने मला विणलं. एवढं कोणाला मिळतं? तुम्हाला कोणी असं काही दिलं असेल तर त्याचं गाव नीट विचारून ठेवा. आणि त्याच्याकडे लवकर जा, दोघंही असताना जा. जुन्या वस्तू मोडू नका हे तर आहेच, पण माणसांना वाट पाहायला लावू नका.

साहेबराव वाईट माणूस नाही. तो जाईल असं मला वाटतं. त्याने पंचशीलाला सांगितलं आहे की पाऊस उघडून रस्ता वाळला की जाऊ, तूही चल, त्याने तुला पाहिलेलंच नाही. ती हो म्हणाली आहे.

आज जुलैची पंधरा तारीख आहे. चांगुणा गेल्याचं श्रीमंतला अजून कोणी सांगितलेलं नाही.